मागची डावी मोटर

जळालेली मोटर नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस महागाव तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे मी, देवराव वाइंडिंगवाला! पंखा असो, कूलर असो, नाहीतर विहिरीवरची पाण्याची मोटर. गिऱ्हाईक दारात असतानाच मी सांगतो, कॉइल गेली की बेअरिंग. एवढं मात्र खरं, की गेल्या उन्हाळ्यात माझ्याच डोक्यामागचा कूलर जळत होता, तेव्हा वास आला तो रस्त्यापलीकडच्या शकील चहावाल्याला. तो पळत आला, प्लग उपसला आणि म्हणाला, "चाचा, नाक बी रिवाइंडिंग कू दिया क्या?"

असो. माझ्या दुकानात पत्र्याचा एक डबा आहे. मोटरी उकलल्यावर जी जुनी तांब्याची तार निघते ती मी त्यात टाकतो. एक टोक हळूच ओढायला जावं, तर अख्खा गुंता बाहेर येतो. आमच्या बाकड्यावरचे किस्से तसेच आहेत. यंदा तर सगळा गुंता एकाच मोटरीभोवती बसला, आणि ती मोटर किती मोठी? आवळ्याएवढी!

बाकड्यावर आम्ही तिघं. एक मी. सातवीपर्यंत शिकलो, पुढे शाळेनेच हात जोडले. दुसरे वानखडे सर, हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. आणि तिसरा गुलाब राठोड, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, गावाबाहेरच्या तांड्यावर राहतो. पूर्वी दुकानात गिऱ्हाईक बसायचं म्हणून बाकडं कमी पडायचं. आता मोटर बिघडली की लोक नवीन आणतात. माझा स्वतःचा मुलगा यवतमाळला नव्या मोटरींच्या शोरूमवर आहे. तो गिऱ्हाइकांना सांगतो, "जुनी रिवाइंड करण्यात काही अर्थ नाही." बापाच्या धंद्याची अशी जाहिरात करणारा मुलगा नशिबानेच मिळतो!

म्हणून बाकडं रिकामं. आणि बाकडं रिकामं म्हणून बैठक.

*

गुलाबचा मुलगा विनोद पुण्यात कंपनीत आहे. पोळ्याला येतो म्हणाला होता. गुलाबने बैलांच्या आधी घराला रंग दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दारात आला तो कुरिअरवाला.

खोक्यातून निघाला ड्रोन! चार हात, चार टोकांना चार मोटरी, पोटात कॅमेरा. विनोदने कॉलेजात असताना होस्टेलवर बसून स्वतः जोडलेला. सोबत निरोप, "बाबा, तुमचे गुडघे दुखतात. आता शेतात चालत जायची गरज नाही. घरूनच पाहा."

गुलाबचे गुडघे वणी-राजूरच्या रस्त्यावर गेले. कोळशाच्या ट्रकांमागे क्लच दाबून दाबून. शेत नाल्यापलीकडे, टेकाडावर. तेव्हा पोराने केलं ते शहाणपणाचंच. पण मी गप्प बसलो तर माझं नाव देवराव कसं?

मी म्हटलं, "गुलाब, पोरगा येऊ शकला नाही, म्हणून त्यानं चार पंखे पाठवले. आता घाम येनार नाही तुले वाट पाहता पाहता!"

सर हसले. गुलाब खोका घडी करत राहिला. पुठ्ठासुद्धा टाकला नाही त्याने, गादीखाली ठेवला.

*

पहिल्या उड्डाणाची हकीगत सांगतो. गुलाब ओट्यावर खुर्ची टाकून बसला, हातात रिमोट, रिमोटवर मोबाईल. "स्टेअरिंग कुठंय?" हा पहिला प्रश्न. "हॉर्न?" हा दुसरा. मी मागून तोंडाने डबल बेल मारली आणि ड्रोन उडाला!

टेकाडावर गुलाबची बायको कमलाबाई एकटीच निंदत होती. डोक्यावर काहीतरी घोंघावायला लागल्यावर तिने वर पाहिलं. इकडे पडद्यावर आम्हाला तिचं तोंड दिसलं, मग हात दिसला, आणि मग एक मोठं ढेकूळ पडद्याकडे येताना दिसलं.

संध्याकाळी ती घरी आली. ड्रोन टोपल्यात उलटा. मागची डावी पट्टी वाकलेली.

"शेतात पाय ठेवत नाही आन् वरून मुकादमी करते!" ती गुलाबला म्हणाली. मग ड्रोनकडे बोट दाखवून, "आन् हे कोनाचं म्हने? विनोदचं? विनोदले म्हना, तू ये. याले कायले पाठवतं?"

तेव्हापासून ती त्या यंत्राला हात लावत नसे. कोपऱ्यात असेल तर दुसऱ्या कोपऱ्यातून जायची.

*

दसरा आला. गुलाबने जन्मभर दसऱ्याला एसटी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर नारळ फोडला. आता एसटी नाही. मग पूजा कोणाची? ड्रोनची! हळद लावली, कुंकू लावलं, चारी मोटरींवर नारळाचं पाणी शिंपडलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तीन मोटरी फिरल्या. मागची डावी नुसती थरथरायची. उडवायला गेलं की ड्रोन त्या बाजूला कलंडायचा आणि जमिनीवर गोल लोळायचा. मिरगी आलेल्या माणसासारखा.

तो बाकड्यावर आला. मी चष्मा पुसला. मिक्सर असो की ड्रिल, आमच्या धंद्यात पहिला संशय कार्बनवर. फिरणाऱ्या भागाला करंट देणारे ते दोन काळे तुकडे असतात ना, घासून घासून संपतात, ते. मी सगळीकडून शोधले. सापडेनात. शेवटी गुलाबने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"काका, याच्यात कार्बन नसतातच," विनोद म्हणाला. "ब्रशलेस मोटर आहे ही."

"मंग याच्यात झिजते काय?"

"फक्त बेअरिंग."

"म्हंजे गुलाबसारखीच आहे," मी म्हटलं. "गुडघे सोडून सगळं शाबूत!"

पण पोरगं हुशार, हे मान्य केलं पाहिजे. पुण्यात बसून माझ्या हातांनी तपासणी केली त्याने. "काका, मोटरीच्या तीन तारा सोडवा. आता कुठल्याही दोन तारा एकमेकींना टेकवा आणि मोटर बोटाने फिरवा. जड लागते?" लागली. "आता दुसरी जोडी. आता तिसरी." तिन्ही वेळा सारखीच जड. "म्हणजे कॉइल चांगली आहे. एखादी जोडी हलकी फिरली असती तर कॉइल तुटलेली."

मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, नुसतं बोट! मला कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं. कॉइल चांगली निघाली की वाइंडिंगवाल्याची मजुरी बुडते.

मग म्हणाला, "मागची डावी काढून पुढच्या उजव्या जागी लावा, तिकडची इकडे. दोष मोटरीसोबत गेला तर मोटर खराब. जागेवरच राहिला तर तिला करंट देणारं कार्ड खराब."

सर म्हणाले, "हे मी तुले आधीच सांगनार होतो." सर सगळं आधीच सांगणार असतात.

दोष मोटरीसोबत गेला. बेअरिंगमध्ये कुंकू! पेट्रोलने धुतली, शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं, फिरायला लागली.

विनोद म्हणाला, "बाबा, मोटरीवर पाणी कशाला शिंपडलं?"

गुलाब उखडला. "जन्मभर एसटीवर शिंपडलं! एक दिवस बंद नाही पडली! तुहीच मोटर नाजूक कायले?"

फोन बंद झाल्यावर मात्र तो खुशीत होता. का, ते सांगतो. एरवी विनोदचा फोन रविवारी यायचा. "ठीक आहे ना? गोळ्या घेता ना? ठेवतो." संपलं. चहा ओतायला जास्त वेळ लागतो. आणि आज पोरगं अख्खा तासभर बोललं होतं!

*

मग कापूस वेचणीला आला. गुलाबने ड्रोन थेट वेचलेल्या कापसाच्या गंजीजवळ उतरवला. पात्यांच्या वाऱ्याने रुई उडाली आणि मोटरीच्या फटीतून आत शिरून दांड्याला गुंडाळली गेली. कुठल्या मोटरीच्या? मागच्या डाव्या! गुलाब तिला 'मागचं डावं चाक' म्हणतो. "पंक्चर नेहमी तेच होते," म्हणतो.

सुईने रुई ओढून काढली. मोटर माझ्या टेबलावर ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो. परत येऊन लावली, तर पहिल्यापेक्षा वाईट! आता तर खरखर आवाज, जसं कोणी वाळू चावतंय.

संध्याकाळी विनोदचा कॉल. आता तो रोज येत होता, कंपनी सुटली की.

"काका, मोटर कुठे ठेवली होती?"

"इथंच. ग्राइंडरजवळ."

पलीकडे त्याने कपाळाला हात लावला. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "काका, तिच्यात चुंबक आहे."

झालं! चाळीस-एक वर्षं घासलेल्या लोखंडाचा कीस माझ्या टेबलावर, आणि तो सगळा तिने गिळलेला! वानखडे सर बाकड्यावरून उठून बाहेर गेले आणि रस्त्यात उभे राहून हसले. आत हसायला जागा पुरली नाही म्हणे.

विनोद म्हणाला, चिकटपट्टीने काढा. पट्टी फटीत जाईना. नेमकी कमलाबाई गुलाबचा डबा घेऊन आली होती. ती आधी डबा घरीच ठेवायची, पण हल्ली संध्याकाळच्या वेळी दुकानात आणून द्यायची. देऊन जायची नाही, शटरच्या कडेला उभी राहायची. तिथून मोबाईलचा पडदा तिरपा दिसतो.

ती शकीलकडे गेली, समोशाच्या कणकेचा गोळा आणला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "डोळ्यात कीस गेला तर कणकेनंच काढतो आमी."

कणीक फटीत दाबली, ओढली. कीस काळ्या तिळासारखा चिकटून बाहेर!

विनोद पडद्यावरून ओरडला, "याडी! लई भारी!" आईला ते लोक याडी म्हणतात. मग गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मला कळलं नाही, आणि गुलाबनेही सांगितलं नाही.

*

आता माझा एक पराक्रम. सरांना त्यांच्या विज्ञानाची फार खुमखुमी. मी एक मोठा काळा भुंगा काडीपेटीत घातला आणि काडीपेटी ड्रोनच्या खाली चिकटवली. बॅटरी काढलेली. तरी ड्रोन गुणगुणतोय!

सर खाली वाकले. कान लावला. "देवराव, बॅटरी काढली ना?"

"काढली सर."

"मंग याच्यात करंट साठून आहे. हात नको लावू!"

दुपारभर सरांनी कोणाला ड्रोनजवळ येऊ दिलं नाही. शकीलला रबरी चप्पल घालून यायला लावलं. संध्याकाळी विनोदला सविस्तर माहिती दिली. विनोद म्हणाला, "सर, फोन जवळ न्या, आवाज ऐकवा." ऐकला. "परत ऐकवा." आणि मग पोरगं जे हसलं! खुर्चीवरून खाली जाताना दिसलं. "देवरावकाका, काय करून राह्यले तुम्ही! भुंगा आहे तो!"

सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्याचं मला काही नाही. सर बोलले नाहीत तर कान बरे राहतात.

पण गुलाब. तो हसला नाही. फोन बंद झाला तरी तो काळ्या पडद्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "काय झालं बे?"

म्हणाला, "ऐकलं का? 'करून राह्यले' म्हणाला, आपल्या बोलीत. दोन वर्षांत पह्यल्यांदा."

शटरजवळ कमलाबाई होती. तिने रिकामा डबा उचलला आणि ती निघून गेली. त्या दिवशी तिचा नवरा जेवलाच नव्हता, डबा रिकामा कसा, तर तो शकीलने माझ्या सांगण्यावरून आधीच साफ केला होता. तो किस्सा वेगळा.

*

संक्रांतीचं तर विचारूच नका. विनोद म्हणाला, "ती मोटर आता थकली. नवीन मोटर घेऊन मीच येतो संक्रांतीला."

कमलाबाईने तिळाचे लाडू केले. गुलाबने दाढी केली. बसस्टँडवर मीसुद्धा गेलो, खोटं कशाला बोलू. पुण्याची गाडी आली, उतरायचे ते उतरले, गाडी पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी कुरिअर. खोक्यात नवी मोटर, तिच्याभोवती बुडबुड्यांचं प्लास्टिक. निरोप, "कामाचं लोड आहे. लावून घ्या, काकांना येतं."

काकांना येतं! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हुशार म्हटलं, तेही असं.

मी मोटर लावली. ड्रोन सरळ उभा राहिला, गुणगुणत वर गेला, खाली आला. एकदम निरोगी. मी गंमत करायला म्हटलं, "गुलाब, मोटर आली. पोरगं दुसऱ्या खोक्यात असन, थांब."

कोणीच हसलं नाही. शकीलसुद्धा नाही, जो कशावरही हसतो.

आणि काय झालं, की विनोदचे फोन परत रविवारवर गेले. मोटर नीट होती ना! बोलायचं काय? "चालू आहे ना? बरं. ठेवतो." कमलाबाईचं दुकानात येणं बंद. गुलाब बाकड्यावर बसायचा, सहा वाजले की मोबाईल मांडीवर ठेवायचा, साडेसहाला खिशात टाकायचा. मी पाच-सहा विनोद केले. मग मीही कंटाळलो. ज्याला टोचायचं तो आधीच टोचलेला असेल तर मजा कसली?

*

पंधरवडा गेला नसेल, नवी मोटर बंद! मागची डावीच!

गुलाब ड्रोन घेऊन आला. चेहरा उतरलेला, पण चाल हलकी. सहा वाजता विनोदला फोन. पोरगं चक्रावलं. "नवीन मोटर? शक्यच नाही." परत तपासणी सुरू. तारांच्या जोड्या टेकवल्या, कॉइल चांगली. जागा बदलली, दोष मोटरीसोबत गेला. लोखंड नाही, रुई नाही, पाणी नाही. तरी फिरवायला जड. बोटाला असं वाटायचं, की आत कोणीतरी तिला धरून ठेवलंय.

रोज संध्याकाळी तास-तास. विनोद इंटरनेटवर वाचायचा, मित्रांना विचारायचा, आम्हाला सांगायचा. मध्येच इकडचं तिकडचं निघायचं. पुण्यात खोलीवर पाणी येत नाही. मेसमध्ये भाजी गोड करतात. साहेब रजा देत नाही. कमलाबाई पुन्हा डबा आणायला लागली. आता शटरजवळ नाही, बाकड्याच्या टोकाला बसायची. एकदा विनोद म्हणाला, "याडी, तू वाळली वो." ती म्हणाली, "फोनमंदी तसंच दिसते."

मी सरांना म्हटलं, "सर, ही मोटर बिघडली तेच बरं झालं. आता ते घर चालू आहे."

सर म्हणाले, "हे मी तुले आधीच सांगनार होतो."

शेवटी एका गुरुवारी विनोद म्हणाला, "काका, आता एकच राहिलं. मोटरीच्या खाली दांड्याला एक बारीक क्लिप असते, ती काढा म्हणजे वरची टोपी निघेल. आत पाहा." ती क्लिप खसखशीच्या दाण्याएवढी! उडाली तर जन्मात सापडायची नाही, म्हणून मी आजवर तिला हात लावला नव्हता. "उद्या संध्याकाळपर्यंत नाही झालं, तर मग फोनवरून होणारं काम नाही हे. मी रजा टाकतो आणि शनिवारी येतो. तिकीट पाहून ठेवलंय. झालं तर तसं सांगा."

 घरी जाताना गुलाबने शकीलच्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. माझ्या खात्यावर!

*

शुक्रवारी दुपारी मी क्लिप काढली. सर दारात पहारा देत होते, वारा येऊ नये म्हणून. टोपी वर ओढली.

आत दोरा. लाल रेशमी दोरा. दांड्याला तीन-चार वेढे, घट्ट, एकाला एक लागून, आणि शेवटी एवढीशी गाठ. रुई वाऱ्याने गुंडाळते, पण वाऱ्याला गाठ मारता येत नाही!

मी असा खूश झालो म्हणून सांगू! महागाव तालुक्यातला सगळ्यात मोठा टवाळ मी, आणि गुलाब राठोडने मला महिनाभर बनवलं? त्या ठोंब्याने? आता याची अशी उतरवतो, की तांडा वर्षभर हसला पाहिजे.

दोरा कापून काढला, टोपी बसवली, क्लिप लावली. मोटर अशी फिरली, जसं काही झालंच नव्हतं. सरांना गाडीवर मागे घेतलं आणि तांड्यावर गेलो.

ऊन उतरलं होतं. गुलाब ओट्यावर. बाजूला नवीन चादर घातलेला पलंग, त्यावर कोणाला बसू दिलेलं नव्हतं. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, आज शुक्रवार असून सणासारखा वास येत होता. कमलाबाई उंबऱ्यात बसून जुन्या कापडावर भरतकाम करत होती.

"झाली!" मी ओरडलो. ड्रोन ओट्यावर ठेवला, बॅटरी लावली, चारी मोटरी घुमवल्या. पलंगावरची चादर उडाली.

गुलाब उभा राहिला. "झाली?" असं विचारलं, जसं मी कोणाच्या मरणाची खबर आणली.

"झाली! आन् काय निघालं माहीत आहे? हे पाह्य!" मी खिशातून लाल दोरा काढला आणि त्याच्या नाकासमोर नाचवला. "बुढ्या, पोराले बोलवायले मोटरीच्या गळ्यात फास टाकतं? सर, पाहा याचं थोबाड!"

गुलाबने दोरा हातात घेतला. डोळ्याजवळ नेला. ती गाठ पाहिली. मग स्वतःची बोटं पाहिली, स्टेअरिंग धरून धरून जाड झालेली.

"विनोदची शपथ," तो म्हणाला, "म्या नाही."

"मंग काय भुंग्यानं बांधली?"

सर माझी बाही ओढून म्हणाले, "देवराव, पुरे."

पुरे काय? मी रंगात आलो होतो. एवढ्यात ओट्यावर ठेवलेला गुलाबचा मोबाईल वाजायला लागला. विनोदचा फोटो. सहा वाजले होते.

गुलाबने उचलला नाही. तो उंबऱ्याकडे पाहत होता. मीही पाहिलं. कमलाबाईच्या हातात मोटरीच्या फटीतही शिरेल अशी बारीक सुई, आणि सुईत तोच लाल रेशमी दोरा होता.

मोबाईल वाजतच होता.

"उचल न बे," मी म्हटलं. आवाज का कोण जाणे बारीक निघाला. "सांग त्याले, मोटर चालू झाली म्हून."

कमलाबाईने दोरा दाताने तोडला, कापड मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,

"भाऊजी, चालू मोटर घेऊन तुमच्या दुकानात आलं का कोनी आजपावेतो?"